चित्राखाली चित्रकाराचं नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मिरजेतल्या एका तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांनी माझ्या मुलाचं चित्र विकत घेतलं. फ्रेम स्वतः करून घेतली, दुकानात समोरच्या भिंतीवर लावली आणि गल्लीतल्या चार-पाच जणांना बोलावून दाखवलं. त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळतंय.

मुलगा ३१ वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, जोडीला बौद्धिक अक्षमता. बोलतो ते मोजके दहा-पंधरा शब्द. आमचे हे रेल्वेत होते, त्यामुळे बरीच वर्षं आम्ही स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये काढली. गाडीचा भोंगा वाजला की हा कान दाबून कोपऱ्यात बसायचा. म्हणून संध्याकाळी मी त्याला घेऊन गावात, सतारमेकर गल्लीकडे जायची. तिथे तारा जुळवण्याचा आवाज सुरू असला की तो हातही न हलवता उभा राहायचा. सहा-सात वर्षांचा असेल तेव्हा. मग रोजचंच झालं. कारागीर मंडळींनी कधी हटकलं नाही. एका दुकानातलं लाकडी स्टूल तर त्याचंच होऊन गेलं.

तिथे बसून त्याने कधी एक रेघ ओढली नाही. घरी येतो, हातपाय धुतो, जेवतो आणि मग कागद घेतो.

त्याची चित्रं तुम्ही बघायला हवीत. सतारी-तंबोरे घडवण्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे दुकानांत छताला टांगलेले असतात, ते तो काढतो. एका कागदावर तीस-पस्तीस भोपळे, आणि एकाचं पोट दुसऱ्यासारखं नाही. कुणी बसका, कुणी एका अंगाला कललेला, कुणाच्या बुडाला चपटा डाग. भोपळ्याला तो तपकिरी खडू लावतच नाही. आधी पिवळा, त्यावर लाल, त्यावर थोडा काळा, आणि मग नखाने खरवडून खालचा पिवळा वर काढतो. त्यातून जो रंग येतो तो मला अजून कुठल्या डबीत सापडलेला नाही. भोपळ्यांच्या मधली रिकामी जागा निळ्याने भरतो, तीही इतकी दाबून की कागद मागच्या बाजूनेही गुळगुळीत लागतो. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करतो आणि तो कोपरा पुरा झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. एका चित्राला कधी चार दिवस लागतात, कधी पंधरा.

विकलं गेलं ते चित्र मात्र वेगळं आहे. आडवा ठेवलेला तंबोरा, तोही अर्धाच. तबली म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि चार तारा. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक पांढरा ठिपका सोडलेला. मला वाटलं, रंग भरायचा राहिला. दाखवायला नेलं तेव्हा त्या वयस्कर कारागिरांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “ताई, हा जवारीचा दोरा आहे.”

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार झंकारते. केसभर मागे-पुढे झाला की आवाज बसतो. प्रत्येक तारेची ही जागा थोडी वेगळी असते, आणि माझ्या मुलाने चारही ठिपके तसेच पुढे-मागे काढले होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर फोटो काढायला बरीच माणसं आली, पण दोरा कुणाला दिसला नाही, असं ते म्हणाले. मी स्वतः पंचवीस वर्षं त्या दुकानात त्याच्या शेजारी उभी राहिले. मलाही दिसला नव्हता.

लहानपणी मी त्याच्या शाळेत विचारलं होतं, याला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवता येईल का. त्याला सूचना कळणार नाहीत, असं सांगून विषय संपवला गेला. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. माझा मुलगा आयुष्यभर स्मरणचित्रंच काढतोय! अठराव्या वर्षी शाळा सुटली आणि प्रौढ दिव्यांगांसाठीची कार्यशाळा सुरू झाली. तिथे सगळ्यांनी पणत्यांवर एकच नक्षी रंगवायची. कार्यशाळा हव्यातच; कितीतरी घरांत त्यांच्यामुळे दिवसाला आकार येतो. पण रंग समोर असूनही तो तिथे हात मांडीवर ठेवून बसून राहायचा, आणि शेरा पडला, ‘कामात रस नाही’. तो शेरा मला आजही सहन होत नाही.

चित्राचे पैसे त्याच्याच खात्यात जावेत हा माझा हट्ट होता. ते खातं उघडतानाही, तीन वर्षांपूर्वी, एका शाखेत मला विचारलं होतं, “त्याला कशाला हवं खातं?” मूल अठराचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. ते सगळं आम्ही केलं. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार करण्याचा हक्क दिव्यांगांनाही इतरांइतकाच आहे. आजवर त्या पासबुकात आम्ही भरलेली रक्कम आणि व्याज एवढंच होतं. आता त्यात त्याच्या कमाईचे चार हजार रुपये आहेत. ते पान मी किती वेळा उघडून बघितलं असेल, सांगता येत नाही.

२०१६च्याच कायद्याचं २९वं कलम दिव्यांग कलावंतांना सुविधा आणि साहाय्य देण्याविषयी आहे. अमेरिकेत ओकलंड इथे प्रौढ दिव्यांग कलाकारांसाठी १९७४ पासून एक स्टुडिओ चालतो. जुडिथ स्कॉट नावाची डाउन सिंड्रोम असलेली, न बोलणारी बाई तिथे त्रेचाळिसाव्या वर्षी पोचली. त्याआधी तिची पस्तीस वर्षं संस्थांमध्ये बंद गेली होती. तिने वस्तूंभोवती सूत गुंडाळून शिल्पं केली आणि आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. सांगली जिल्ह्यात आम्हाला निदान एक खोली मिळावी. मोठी टेबलं, चांगला कागद, चांगले खडू, आणि कुठलीही नक्षी गिरवायला न लावणारा एक चित्रकार. नगरपालिका, महापालिका, कलामहाविद्यालयं, कुणीही मनावर घेतलं तरी होण्यासारखं आहे.

एक मागणं तुमच्याकडेही आहे. दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, ‘विशेष मुलांनी रंगवले भावविश्व’ अशी बातमी येते. फोटोत चाळिशीची माणसंही असतात. पाहुण्यांची नावं असतात, चित्र काढणाऱ्याचं नसतं. कुणाही चित्रकाराच्या चित्राखाली जे छापता तेच छापा: नाव, माध्यम, शीर्षक.

सोबत त्या चित्राचा फोटो पाठवत आहे. माध्यम तैलखडू, पूर्ण ड्रॉइंग शीट. तंबोरा सुरात आला की कारागीर ‘लागला’ म्हणतात. माझा मुलगाही चित्र संपलं की खडू डबीत ठेवतो आणि तेवढाच एक शब्द बोलतो, म्हणून शीर्षक ‘लागला’. त्याचं नाव फोटोच्या मागे लिहिलं आहे. सही त्याने चित्रात वर डाव्या कोपऱ्यात केली आहे, अगदी कडेला. फोटो कापताना ती जाणार नाही, एवढं कृपया बघावं.

आपली विश्वासू,
एका चित्रकाराची आई, मिरज