कळा आणायच्या की सरळ सिझर?

प्रिय चिऊ,

‘डॉक्टर म्हणतात कळा आणू या नाहीतर सिझर करू या, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?’ असं विचारलंस. अगं, मी आहेच की त्याच रांगेत! पुढच्या आठवड्यात माझी तारीख आहे आणि मी सिझर ठरवलंय. त्यावरून तू काय अर्थ काढलास तेही मला कळतंय. ‘हिला मागच्या वेळी कळा आणल्या, रात्र गेली, दिवस गेला, शेवटी पोट कापावं लागलंच. आता ही शहाणी झाली आणि तारीख घेऊन मोकळी झाली, तर मीही तेच करावं.’ तसं नाहीये. तुझ्या जागी असते तर मी आधी कळा आणून बघितल्या असत्या. का, ते नीट लिहिते. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

वाट बघत बसायचा पर्याय तुझ्या डॉक्टरांनी ठेवलाच नाही, हे मला पटलं. तुझी साखर इन्सुलिनवर आहे. गरोदरपणातल्या मधुमेहात इन्सुलिन लागत असेल तर साखर ताब्यात असली तरी ३९ आठवडे पूर्ण झाले की ४० पूर्ण व्हायच्या आत बाळंतपण करावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. त्याच्या पुढे वारेवर, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या नाळेच्या मुळावर, फार विसंबू नये, हा त्यामागचा विचार. ३९ च्या अलीकडे उगाच यायचंही नाही. विशेषतः सिझर करायचं असेल तर नाहीच. कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसांतलं पाणी शोषलं जायला लागतं. कळांशिवाय आणि लवकर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. एकूण काय, तारीख जवळपास ठरलेली आहे, वाट तेवढी ठरवायची आहे.

आता गोम अशी की या दोन वाटा सारख्या नाहीत. सिझर ठरवलं की सिझरच होतं. कळा आणायच्या ठरवल्या की पुढे काय होईल ते आज कुणी सांगू शकत नाही. सरळ नॉर्मल होईल, किंवा शेवटी व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून बाळ काढावं लागेल, किंवा कळा सोसून वर सिझर. तिसरं माझं झालं. त्यात ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव जरा जास्त संभवतो, आणि गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडून बाळाचं डोकं खोल उतरलेलं असेल तर ऑपरेशनही अवघड जातं. म्हणून तुझा खरा प्रश्न हा, की कळा आणल्या तर त्या फळाला येण्याची शक्यता तुझ्या बाबतीत किती?

ते बरंचसं पिशवीच्या तोंडावर आहे. पुढच्या तपासणीत आतून बघतील तेव्हा ‘बिशप स्कोअर किती?’ असं स्पष्ट विचार. एडवर्ड बिशप नावाच्या डॉक्टरांनी १९६४ साली ही मोजणी मांडली, अजून तीच चालते. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की घट्ट, पुढे आलंय की मागे आहे, आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, अशा पाच गोष्टींचे मिळून १३ गुण. आठच्या वर असेल तर कळा आणणं बहुधा सोपं जातं. सहा किंवा त्याखाली असेल तर आधी तोंड मऊ करायला लागतं. माझं मागच्या वेळी अगदीच कमी होतं. दगडासारखं घट्ट, असं तपासणाऱ्या बाईंनी माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

पण कमी गुण म्हणजे नापास असं समजू नकोस. तोंड मऊ करायची साधनं आहेत. फोलीची नळी आत सरकवून तिचा फुगा पाण्याने फुगवतात. तो तोंडावर दाब देत राहतो आणि साधारण तीन सेंटिमीटर उघडलं की आपोआप बाहेर येतो. नाहीतर डायनोप्रोस्टोनची जेल, नाहीतर मिसोप्रोस्टॉलच्या अगदी लहान गोळ्या, २५ मायक्रोग्रॅमच्या, ठरावीक अंतराने. त्यानंतर पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडणं आणि कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं सलाईन. सलाईनबद्दल तू घाबरून लिहिलंयस, त्याचं एक सांगते. कळा फार दाट झाल्या, दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त येऊ लागल्या, तर सलाईन कमी करतात किंवा बंद करतात, आणि त्याचा जोर थोड्या वेळात ओसरतो. गोळी एकदा पोटात गेली की परत घेता येत नाही, म्हणून तिचा डोस इतका जपून देतात. बाळाचे ठोके मात्र सलाईन चालू असेपर्यंत सतत मशीनवर दिसायला हवेत. ते पट्टे अंगाला टोचतात, वैताग येतो, पण काढू देऊ नकोस.

आणि वेळ. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक जणी इथेच खचतात. पहिलटकरणीला कळा आणायच्या म्हणजे आज सकाळी दाखल आणि संध्याकाळी बाळ मांडीवर, असं क्वचित. तोंड मऊ होण्यातच एक अख्खा दिवस जाऊ शकतो आणि त्या दिवसात ‘प्रगती’ म्हणावी असं काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनात जोराच्या कळांचा टप्पा तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरलाय. अमेरिकेतले डॉक्टर सहापासून धरतात. त्याच्या आधी गाडी हळूच चालते, आणि त्या हळू चालण्याला अपयश म्हणत नाहीत. आई आणि बाळ ठीक असतील तर पाणमोट फोडून सलाईन लावल्यावर किमान १२ ते १८ तास द्यावेत आणि मगच ‘कळा लागू पडल्या नाहीत’ म्हणावं, असं तिकडच्या तज्ज्ञांचं मत आहे. तुझे डॉक्टर किती थांबतात, ते आधीच विचारून ठेव. मध्यरात्री, कळांच्या मधल्या दीड मिनिटात, हे बोलणं होत नाही.

आकड्यांशिवाय तुझं समाधान होणार नाही म्हणून एक देते, पण जपून वाच. अराईव्ह नावाचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहा हजारांहून जास्त पहिलटकरणी. काहींना ३९ व्या आठवड्यात कळा आणल्या, काहींना वाट बघू दिली. कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट बघणाऱ्यांत २२.२. ‘कळा आणल्या की सिझर ठरलेलंच’ असं जे सगळ्या तुला सांगतायत, ते यात टिकत नाही. मात्र त्या सगळ्या कमी जोखमीच्या बायका होत्या, तुझ्यासारख्या इन्सुलिनवरच्या नव्हत्या. आणि तुलना वाट बघण्याशी होती, ठरवून केलेल्या सिझरशी नव्हती. तेव्हा धीर यावा इतपतच तो आकडा घे, हमी म्हणून नको.

बाळ मोठं आहे ही तुझी दुसरी भीती. सोनोग्राफीत ३.८ किलो आलं ना? ते मशीन वजन करत नाही. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून हिशेब मांडतं, आणि तो शेकडा दहा-पंधराने सहज चुकतो. म्हणजे तुझं बाळ ३.३ चंही असेल, ४.३ चंही असेल. मधुमेहात बाळाच्या खांद्यांवर चरबी जास्त असते. डोकं बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती म्हणून जास्त, आणि ती खरी आहे, हसण्यावारी न्यायची नाही. पण आई मधुमेही असताना केवळ वजनामुळे सिझरचा विचार करतात तो अंदाज साडेचार किलोच्या पुढे गेला तर. तू त्या रेषेच्या बरीच अलीकडे आहेस.

आणि मुख्य कारण तू स्वतःच मला कित्येकदा सांगितलंयस. तुला दोन-तीन मुलं हवीत. पहिलं सिझर सहसा सुखरूप होतं, त्याचा हिशेब पुढच्या खेपांना येतो. वार खाली, नेमकी जुन्या व्रणावर बसली, तर ती पिशवीच्या भिंतीत रुतू शकते. मग प्रचंड रक्तस्राव होतो, कधी पिशवीच काढावी लागते. २००६ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वार खाली असलेल्या बायकांमध्ये हे रुतणं पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के दिसलं. वार खाली बसणंच मुळात कमी जणींच्या बाबतीत होतं, म्हणून या आकड्यांनी झोप उडवून घेऊ नकोस. पण तिसऱ्या मुलाचं स्वप्न बघणारीने पहिला व्रण टाळता आला तर टाळावा, एवढं त्यातून मला तरी स्पष्ट दिसतं.

मग मी का सिझर करतेय? कारण माझ्या पिशवीवर व्रण आहे आणि मला याच्या पुढे मूल नको आहे. सिझरनंतर आपोआप कळा येऊन नॉर्मलचा प्रयत्न केला तर व्रण उकलण्याची शक्यता साधारण दोनशेत एक. औषधाने कळा आणल्या तर ती दुप्पट-तिप्पट होते. मिसोप्रोस्टॉल वर्ज्यच, त्यामुळे साधनंही तोकडी. एरवी असा प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ७२ ते ७५ जणींचं नॉर्मल होतं. पण माझं आधी एकदाही नॉर्मल झालेलं नाही, मागचं सिझर तोंड न उघडल्यामुळे झालं, आणि रक्तदाब वाढल्याने आपोआप कळा येण्याची वाट बघता येत नाही. तिन्ही गोष्टी माझ्या विरुद्ध. परत तीच रात्र काढून त्याच टेबलावर जाण्यात मला अर्थ वाटेना. कुणी ‘प्रयत्न तरी करायचास’ म्हटलं की मी विषय बदलते.

सिझर सोपं, असंही तुझ्या मनात बसलंय. ऑपरेशन सोपंच असतं गं, नंतरचं नसतं. कण्यात भूल देतात, तू जागी असतेस. ओढाताण जाणवते पण दुखत नाही. सुरुवात झाल्यावर पाच-दहा मिनिटांत बाळ बाहेर, उरलेला वेळ शिवण्यात जातो. मला नंतर जी हुडहुडी भरली ती कुणी आधी सांगितलीच नव्हती. दात वाजत होते, आणि ते भुलीमुळे सर्रास होतं म्हणे. मग खोकला आला की टाक्यांवर उशी दाबायची, कुशीवर वळूनच उठायचं, बाळापेक्षा जड काही आठवडे उचलायचं नाही. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी चालायला लावतात. नॉर्मलचेही टाके असतात, त्यावर बसवत नाही, आणि पुढे शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास नॉर्मलमध्ये थोडा जास्तच. फुकट काहीच नाही.

म्हणून डॉक्टरांशी बोलताना ‘कळा की सिझर’ एवढंच विचारून उठू नकोस. तोंड तयार नसेल तर आधी काय वापरणार, कुठवर वाट बघणार, रात्री सिझरची वेळ आली तर भूलतज्ज्ञ तिथे असतात की घरून यावे लागतात, हे विचार. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ती भूल, मिळणार का तेही विचार. मिळत असेल तर लाजू नकोस, त्याने सिझरची शक्यता वाढत नाही. आणि मध्येच तुला ‘पुरे’ वाटलं तर काय, हेही बोलून ठेव. कळा सुरू केल्या म्हणजे शेवटपर्यंत गेलंच पाहिजे अशी शपथ नसते.

एक अपवाद. तपासणीत तोंड पूर्ण बंद निघालं, वजनाचा नवा अंदाज साडेचारच्या आसपास गेला आणि तुला कळांच्या विचारानेच झोप लागत नसेल, तर सिझर घे. त्यासाठी माझी किंवा कुणाची परवानगी नको. बाकी परिस्थितीत माझं मत वर लिहिलं तेच.

सोमवारची तपासणी झाली की बिशपचा आकडा कळव. मेसेज नको, फोन कर. मी मधे बोलणार नाही, तूही बोलू नकोस.

तुझीच,
ताई नसलेली पण ताईगिरी करणारी

ता. क. दाखल व्हायच्या दिवशी सकाळचं इन्सुलिन घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं तर किती, हे आदल्या तपासणीतच लिहून घे. कळा चालू असताना ते दर थोड्या वेळाने साखर बघतील. जन्मल्यावर बाळाचीही टाच टोचून बघतील, कारण आईची साखर मिळायची बंद झाली की बाळाची एकदम उतरू शकते. त्यावर पहिला उपाय म्हणजे लवकरात लवकर अंगावर घेणं. थेंबभर चीक आला तरी पाज, दूध नाही म्हणून रडत बसू नकोस.