लोड वाढला म्हणजे प्रोसेसर कमी पडला असे नव्हे

महोदय,

मोठ्या फाइल अपलोड होताना सर्व्हर मंदावला, की ‘प्रोसेसर वाढवा’ हा सल्ला हमखास येतो. बहुतेकदा पैसे वाया जातात. लिनक्सच्या लोड अॅव्हरेजमध्ये (सर्व्हरवरील कामाच्या भाराचा सरासरी आकडा) डिस्कची वाट पाहत अडकलेल्या, ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसही मोजल्या जातात. म्हणून आधी ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) ही दर सेकंदाला आकडे दाखवणारी कमांड चालवून ‘बी’ (b, अशा अडकलेल्या प्रोसेस) आणि ‘डब्ल्यूए’ (wa, डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) हे रकाने पाहावेत. ते फुगलेले आणि ‘यूएस’ (us, प्रोग्रॅम चालवण्यात गेलेला प्रोसेसरचा वेळ) कमी, तर अडचण डिस्कची.

खरी गोम एकच फाइल पुन्हा पुन्हा लिहिली जाण्यात असते. संकेतस्थळ चालवणाऱ्या पीएचपीपुढे एन्जिनएक्स (nginx) हा वेब सर्व्हर असेल, तर तो मोठी फाइल आधी स्वतःच्या तात्पुरत्या जागेत साठवतो. मग पीएचपी ती परत लिहिते. अंतिम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) असेल तर तिसरी कॉपी. २ जीबीच्या फाइलसाठी ६ जीबी लिखाण! पीएचपीची तात्पुरती जागा आणि अंतिम फोल्डर एकाच पार्टिशनवर ठेवले, की शेवटची कॉपी टळते, नुसते नाव बदलते. एन्जिनएक्सचे रिक्वेस्ट बफरिंगही (फाइल आधी स्वतःकडे साठवणे) बंद करता येते, पण जपून: कनेक्शन संथ असेल तर अपलोड संपेपर्यंत पीएचपीचा एक वर्कर (विनंती हाताळणारी प्रोसेस) अडकून पडतो.

– एक सर्व्हर व्यवस्थापक