लातूरच्या वर्कशॉपवाल्या काकांना आणि ताईंना

काका, तुम्ही फोनवर असलं काही वाचत नाही हे माहितीये, ताई वाचून दाखवतील, फक्त मध्येच "बरं बरं, पुरे" म्हणून उठून जाऊ नका.

टोटल स्टेशन, म्हणजे आमचं कोन-अंतर मोजायचं मशीन, तुमच्याकडून दुरुस्त करून नेल्याला आठ दिवस झाले. काल पाईपलाईनचा सगळा ट्रॅव्हर्स, म्हणजे एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी मोजत जायची साखळी, परत पहिल्यापासून मारला, विहिरीपासून टाकीपर्यंत आणि फिरून विहिरीवर, आणि क्लोजिंग, म्हणजे सुरुवात आणि शेवट किती जुळतो ते, बघितल्यावर मी तिथंच बांधावर बसलो. चार महिन्यांनी पहिल्यांदा लूप बंद झाला हो. बायकोला फोन केला तर तिला वाटलं काहीतरी वाईट झालं, कारण तोंडातून शब्द नीट निघेना.

आधी जिथं दिलं होतं त्यांचं नाव घेत नाही. मोठं शहर, काचेचं दार, आत एसी, कॉफी घेणार का म्हणून विचारतात. दोन महिने मशीन ठेवून घेतलं, फोन केला की पार्ट येतोय, कुठला पार्ट ते कुणालाच सांगता येईना, शेवटी 14 हजाराचं बिल आणि मशीनवर कॅलिब्रेशन झाल्याचा चकचकीत स्टिकर. शेतात नेऊन ट्रायपॉडवर चढवलं तर पहिल्याच सेटअपला टिल्टचा, म्हणजे मशीन कललंय असा, मेसेज. स्टिकर तेवढा अगदी लेव्हलमध्ये लावला होता, ते मानलं पाहिजे.

उलट मलाच शिकवत होते की दोन्ही फेस, म्हणजे दुर्बीण उलटी फिरवूनही रीडिंग, घेत जा, चूक कटते. अरे बाबांनो, कॉलिमेशनची, म्हणजे दुर्बिणीच्या नजरेच्या रेषेची, चूक कटते, उभा अक्षच कलला असेल तर फेस लेफ्ट घ्या नाहीतर राईट, ती तशीच राहते, म्हणून तर आत तो कल भरून काढणारा कंपेन्सेटर असतो आणि तोच अडकलाय म्हणून तर तुमच्याकडे आलो ना. कोनात 20 सेकंद म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण 500 मीटरवर तेच जवळजवळ 5 सेंटीमीटर होतात, आणि मग ठेकेदार आपल्याकडं चोर असल्यासारखं बघतो. पैसे अडकले ते वेगळंच.

तुमच्याकडं आलो ते खरं सांगायचं तर नाईलाजानं. मला तुमची जुनी पत्र्याची शेड आठवत होती, पाच-सहा वर्षांपूर्वी ऑटो लेव्हल, उंचीतला फरक मोजायचं यंत्र, घेऊन आलो होतो तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत दोन खुंट्या ठोकून त्याची नजर सपाट आहे का बघायची टू पेग टेस्ट घेतली होती तुम्ही, आणि मे महिना होता, पत्रा असा तापलेला की बघता बघता बुडबुडा सरकायचा. टोटल स्टेशन इथं कोण उघडणार असं वाटलं होतं. आणि आता बघतो तर आतली खोली बंदिस्त, गार, मध्ये काँक्रीटचा खांब आणि त्याच्याभोवती बोटभर फट सोडलेली, म्हणजे फरशीला लागतच नाही. ताई म्हणाल्या, बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला की फरशी हादरते, खांबाला कळायला नको. खांबावर कॉलिमेटर, मशीनची नजर तपासायची, आत प्लसची खूण असलेली दुर्बीण. ताईंनी बाहेरची नोकरी सोडून आणि कर्ज काढून हे केलंय असं चहावाल्यानं सांगितलं, तुम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत.

पण मी लिहायला बसलो ते ह्यासाठी नाही.

तुम्ही विचारलंत, "पडलं कसं?" मी तोंड उघडणारच होतो की ह्यानं पाडलं. चार महिने प्रत्येकाला हेच सांगत होतो, ठेकेदाराला, काचेच्या दारातल्या साहेबाला, घरी. आमचं पोरगं बाजूला चपलेकडं बघत उभं. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही. त्याला विचारलंत, "जेवलास का?" आणि स्टूल ओढून खांबापुढं ठेवलंत, बस म्हणालात, बघ आत. त्यानं डोळा लावला, तुम्ही त्याचा हात धरून फोकसच्या रिंगवर ठेवलात. बराच वेळ काही नाही. मग हळूच म्हणाला, "अंधारात प्लस दिसतंय."

तीन वर्षं तो माझा प्रिझम, मशीन ज्यावर रोखतात ती काच, धरतोय. उन्हात, चिखलात, बाभळीच्या काट्यात. आयपीसमधून त्याला एकदा तरी बघू दिलं असेल मी? आठवत नाही. म्हणजे नाहीच.

मग तुम्ही त्याला ती तंजावरची गोष्ट सांगितलीत. 1808 साल, मोठ्या देवळाच्या शिखरावर अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, कोन मोजायचं यंत्र, चढवताना ते भिंतीवर आपटलं, त्याचं चक्र वाकलं, आणि हिंदुस्थानची मोजणी करणारा इंग्रज लॅम्बटन साहेब सहा आठवडे तंबूत बसून स्वतःच्या हातानं हळूहळू ठोकून ते सरळ करत बसला, पुढची मोजणी त्याच यंत्रावर झाली. "तेव्हा तिथं आपले मराठ्यांचे सरफोजीराजे होते," हे वर आणि. शेवटी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, यंत्र आहे रे, पडतंच, तू कशाला वाळतोयस.

असली माणसं हल्ली फार कमी भेटतात. बिल व्यवस्थित घेणारी भेटतात, तुम्हीही घेतलंत, घ्यायलाच पाहिजे, कर्ज आहे. पण आधीची रीडिंग आणि नंतरची रीडिंग पेन्सिलनं लिहून कागद पेटीत ठेवणारा, तुटलेली कडी न विचारता बदलणारा, आणि समोरचा कितव्या पायरीवर उभा आहे हे न बघता बोलणारा माणूस सगळीकडं नसतो हो.

जाताना एसटीत पोरानं पेटी मांडीवर घेतली, उदगीर येईपर्यंत खाली ठेवली नाही. काल पहिल्या सेटअपला मी त्याला म्हणालो, तू लाव. बुडबुडा मधे आणायला त्याला वीस मिनिटं लागली, मी प्रिझम धरून उभा. ऊन चांगलंच होतं.

सोमवारी ऑटो लेव्हल पाठवतोय. तोच घेऊन येईल, एकटाच.