बंड्या, पंप खोलायच्या आधी धूर बघ

रामबाग, इंदूर
रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, फोनवर धड सांगता आलं नसतं म्हणून आज निवांत बसून लिहितोय. काकांची १२१०, आपला टाटाचा जुना ट्रक, आठ महिने ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या त्या वाड्यामागे उभी आहे, सेल्फ छान फिरतोय पण गाडी पकडतच नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय डिझेल पंप, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप, खोलावा लागेल. थांब जरा. पंपाला एवढ्यात पाना लावू देऊ नकोस. कदाचित शेवटी पंपच निघेल, पण तिथपर्यंत जायच्या आधी बघण्यासारखं खूप आहे आणि त्यातल्या बहुतेकाला एक पैसा लागत नाही.

पहिलं म्हणजे सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभं कर. अजिबात धूर नाही म्हणजे डिझेल आत पोचतच नाहीये. पांढरा धूर येतोय, नाकाला डिझेलचा वास येतोय, म्हणजे पोचतंय पण पेटत नाहीये. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो रे, हवा साधारण सतरापट दाबली की ती पाचशे डिग्रीच्या वर तापते आणि त्यावरच सगळा खेळ, त्यामुळे सेल्फ हळू फिरला किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या असल्या तर हवा तेवढी तापतच नाही. ग्वाल्हेरची थंडी तर आमच्यापेक्षा कडक. सेल्फ मारताना बॅटरीला मीटर लावून बघ, बारा व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज कर, टर्मिनल घासून घे, अर्थिंगची पट्टी चॅसीला जिथे बसते तिथला गंज काढ.

धूर नसेल तर आधी स्टॉप केबल, म्हणजे इंजिन बंद करायची केबल, बघ. हसू नकोस, हे मी मनापासून सांगतोय. केबिनमधून नॉब आत ढकलला तरी तिकडे पंपावरचा लिव्हर बंदच्या जागी अडकून राहिलेला असू शकतो, आठ महिन्यांत केबलला गंज चढतो. केबल सोडव आणि लिव्हर हाताने हलव, स्प्रिंगने पटकन परत आला पाहिजे. आला तर पुढे चल, नाही आला तर केबल किंवा पंपाच्या आतली रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, जाम आहे.

आता माझं सांगतो, कारण मला वाटतं तुझंही तेच असणार. मागच्या हिवाळ्यात आमची गाडी रोज सकाळी त्रास द्यायला लागली, चोइथराम मंडीत बटाटा भरायला पहाटे निघायचं आणि आधी फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, हँड प्रायमर (हाताने दाबायचा दट्ट्या) तीस-चाळीस वेळा मारायचा, मग कशीबशी स्टार्ट. एक दिवस तेवढ्यानेही नाही झाली. वर्कशॉपवाल्याने तेच सांगितलं, पंप. मी हो म्हणणारच होतो, पण बाबांची आठवण झाली. बाबा नेहमी म्हणायचे, डिझेलच्या मागे मागे टाकीपासून चालत ये. मग पाच लिटरचा एक स्वच्छ डबा केबिनच्या वर बांधला, त्यातून नळी थेट फीड पंपाला जोडली, टाकीची लाईन काढून ठेवली, लाईनमध्ये अडकलेली हवा म्हणजे एअर काढली, आणि सेल्फ मारला तर गाडी दुसऱ्याच फेऱ्यात बोलली बंड्या, माझ्या डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो. म्हणजे पंप ठीक, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल ठीक, खराबी टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये. शोधत शोधत गेलो तर टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला, बरोबर क्लिपखाली, नखाएवढी भेग. बाहेर एक थेंब गळत नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण त्या बाजूला फीड पंप ओढतो, डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरायचं आणि सकाळी लाईन रिकामी.

एअर काढताना क्रम सोडू नकोस. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून प्रायमर मार, सुरुवातीला साबणाच्या फेसासारखं पांढुरकं येतं, बुडबुडे फुटताना ऐकू येतात, मग एकदम काचेसारखी सरळ धार लागते, तेव्हा प्रायमर चालू ठेवूनच स्क्रू आवळ. मग पंपावरचा स्क्रू. मग नोझलच्या दोन पाईपांचे नट थोडे ढिले ठेवून, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक लावून, सेल्फ मारायला सांग, नटातून डिझेल ठिबकायला लागलं की आवळ. तिथे बोट नेऊ नको, सुटलेली धार कातडीत घुसते. सेल्फ एकावेळी दहा-पंधरा सेकंद, मग दोन मिनिटं आराम, नाहीतर तो जळेल.

टाकीच्या तळाचा बोल्ट काढून पाणी पण सोड. पाणी जड असतं, खाली बसतं, आणि इतके दिवस उभ्या गाडीत असणारच. टाकीच्या झाकणाचं वाऱ्याचं भोक बुजलं असलं तरी डिझेल येत नाही, ते फुंकून बघ. आणि दोन्ही फिल्टर बदलून टाक, काकांच्या गाडीला नवीन फिल्टर घालायला कंजूषी कशाला. फक्त कुणी तो ईथरचा स्प्रे मारायला आला तर त्याला हाकलून दे, जुन्या इंजिनात तो वेळेआधी भडकतो आणि रिंगा, पिस्टन तोडतो.

हे सगळं करूनही, म्हणजे डब्यातून डिझेल देऊन, एअर काढून, लिव्हर मोकळा असूनही नोझलपाशी काहीच येत नसेल, तर मग पंप खोल, तेव्हा मी स्वतः म्हणेन. पण मेकॅनिकला तुझ्यासमोर डबा लावायला सांग.

मी येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीने येतोच. नळी, क्लिपा आणि डिझेलच्या पाईपांच्या बँजो बोल्टचे (पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर मी घेऊन येतो, तू फक्त एक पारदर्शक नळी आणि पाच लिटर स्वच्छ डिझेल आणून ठेव, आणि काकूंना सांग सकाळी पोहे नकोत, आधी गाडी.

तुझा
इंदूरवाला