स्वच्छता विभागाच्या मॅडमना जाहीर थँक्यू

मॅडम, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच तुमच्या मागे कटकट नको, पण आमच्या गल्लीतल्या सगळ्यांतर्फे मनापासून आभार.

शेजारच्या प्लॉटचं मॅटर म्हणजे नुसता गुंता होता. जमीन एकाची, भाडेपट्ट्याने घेतली दुसऱ्याने, त्याने शेड टाकून खोल्या काढल्या आणि त्यात राहायला तिसरेच. झोन शेतीचा, सेप्टिक टँक एका कुटुंबापुरता, वापरणारे मात्र खोल्याभर लोक, त्यामुळे टँक भरून वाहायचा आणि रात्री कोणीतरी गुपचूप पाइप नाल्यात सोडायचं. तक्रार घेऊन गेलो की बांधकामवाले म्हणायचे मैल्याचं आरोग्यवाल्यांकडे, आरोग्यवाले म्हणायचे बांधकामच अनधिकृत तर आम्ही त्यात काय बघणार. मालक म्हणायचा मी जागा भाड्याने दिलीय, आणि भाडेपट्टेवाला म्हणायचा जागा माझी कुठाय!

तुम्ही आल्या आल्या दोन विषय वेगळे केलेत, इथेच अर्धं काम झालं. जमिनीचा वापर बदललाय त्याला नोटीस, म्हणणं मांडायची मुदत, सुनावणी हे सगळं लागतं आणि त्याला वेळ जाणारच, पण मैला तोपर्यंत थांबत नाही, तो आजच बंद व्हायला हवा, असं तुम्ही सरळ सांगितलंत. आणि नोटीस मालक आणि ताबा असणारा दोघांच्याही नावाने काढलीत, भाडेपट्ट्याची कॉपी फाइलला लावून. त्यानंतर एकमेकांकडे बोट दाखवायची सोयच उरली नाही.

ती रंगाची टेस्ट तर पोरं अजून सांगत फिरतात. खोल्यांच्या संडासात फ्लुरोसीन नावाचा रंग टाकलात आणि थोड्या वेळाने नाल्यात हिरवंगार पाणी, तिथेच पंचनामा, फोटो, सह्या. "ते पावसाचं पाणी आहे" म्हणणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. विहिरीचं सॅम्पलसुद्धा तुम्ही निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फात ठेवून लॅबला पाठवलंत, आम्ही आपले कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून न्यायला निघालो होतो. पिण्याच्या पाण्यात 100 मिलीमध्ये ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, एकही चालत नाही, हे तेव्हा कळलं. आमच्या रिपोर्टात काय होतं ते इथे लिहीत नाही, जेवणाच्या वेळेला कोणी वाचत असेल.

टँक उपसून भागणार नाही हेही तुम्ही नीट समजावलंत. टँकमध्ये फक्त गाळ खाली बसतो, बाहेर पडणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं, खरी गाळणी म्हणजे ते पाणी जिथे मुरतं त्या शोषखड्ड्याखालची माती. म्हणून खड्ड्याचा तळ भूजलाच्या निदान दीड-दोन मीटर वर पाहिजे, आणि यांचा खड्डा तर जवळजवळ पाण्यातच होता. असं कोणी आधी सांगितलंच नव्हतं, आम्ही वर्षभर नुसतं "वास येतो, वास येतो" लिहून देत होतो.

एक गोष्ट आमच्यातल्या काहींना तेव्हा पटली नव्हती. बुलडोझर लावा आणि सगळ्यांना बाहेर काढा अशी मागणी होती. तुम्ही ऐकलं नाहीत. खोल्या रातोरात बंद केल्या तर ती माणसं उघड्यावर जातील, मैला जागा बदलेल, संपणार नाही, म्हणालात. आधी पाइप तोडायला लावला, मग मैल्याचा टँकर, खर्च भाडेपट्टेवाल्याच्या अंगावर, प्रत्येक फेरीची पावती ऑफिसात जमा करायची. राहणाऱ्यांना त्रास झाला तो नळाचं पाणी जपून वापरायचा, बाकी कोणाचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं नाही. आता तेच लोक टँक भरत आला की स्वतः फोन करतात.

वापर बदलाची सुनावणी अजून चालू आहे, काय निकाल लागायचा तो लागेल. विहिरीचं पुढचं सॅम्पल दिलंय, रिपोर्ट आला की एक प्रत तुमच्या टेबलावर आणून देतो, आणि हो, पोहोच घेणारच, ती सवय तुम्हीच लावलीय.