तिर्ता एंपुलला जाताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की सहल कंपन्यांच्या जाहिरातींत बाली हमखास असते, आणि तंपाकसिरिंगच्या ‘तिर्ता एंपुल’ मंदिरातल्या पाण्याच्या धारा सोडणाऱ्या दगडी मुखांखाली उभे असलेले हसरे पर्यटकही. हे देवस्थान इ.स. 962 पासूनचे. धारेखाली उभे राहणे हा तिथल्या हिंदूंचा ‘मलुकात’ नावाचा शुद्धीचा विधी आहे, हे मात्र जाहिरातीत नसते. ‘देऊळ आपल्याच धर्माचे, आपल्याला कोण अडवणार?’ असेही मराठी मंडळींकडून ऐकले आहे. उलट, आपण हिंदू म्हणूनच आपल्याकडून जास्त अपेक्षा असायला हवी.

तिथला माणूस आधी पातीच्या इवल्या टोपलीत फुले घालून केलेले ‘चनांग सारी’ वाहतो, हात जोडतो, मग डावीकडून सुरुवात करून एकेका धारेखाली तोंड धुतो, डोके धरतो. दोन धारा तो सोडून देतो. त्या मृतांच्या क्रियाकर्मासाठी राखलेल्या आहेत. तिथेच मोबाइल उंचावून पोझ देणाऱ्यामुळे मागची रांग गार पाण्यात खोळंबते.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर बालीचे लोक मंदिरात जात नाहीत. सुतक पाळणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. पाळीच्या दिवसांतही प्रवेश नाही. मला हा नियम पटत नाही. पण तो बदलायचा की नाही, हे तिथल्या बायका ठरवतील. घटकाभर आलेल्या पाहुण्याने दारात हुज्जत घालू नये. मात्र बुकिंग करतानाच ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ऐन दारात कळले की अपमान वाटतो.

साबण-शांपू चालत नाही, ते केवळ सोवळ्यापायी नाही. हे पाणी पुढे भातखाचरांत जाते. शेतकऱ्यांच्या ज्या ‘सुबक’ संस्था पाणी वाटून घेतात, त्या देवळांभोवतीच उभ्या आहेत. बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या व्यवस्थेचे मोल चटकन कळेल. पाकरिसान नदीच्या खोऱ्यासह ती 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

सहल कंपन्यांना विनंती, की निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये पासपोर्ट-सिमकार्डाइतकाच वेळ या मंदिराला द्यावा. सारोंग (लुंगीसारखे गुंडाळायचे वस्त्र) आणि कमरेचा शेला सक्तीचा आहे. पाण्यात उतरायचा सारोंग वेगळा, तो तिथेच भाड्याने मिळतो. कोरड्या कपड्यांचा जोड सोबत हवा. मंदिरांच्या गाभ्याकडच्या प्रांगणात पूजेसाठी येणाऱ्यांनीच जावे, असे बालीच्या गव्हर्नरांचे 2025 चे परिपत्रक आहे. जेवण आणि खरेदीच्या मधल्या पाऊण तासात हे देऊळ कोंबू नये. सकाळी लवकर न्यावे. ज्यांना विधी करायचा नाही, त्यांनी खुशाल काठावरून पाहावे. आणि मार्चमध्ये जाणाऱ्यांनी ‘न्येपी’ची तारीख आधी तपासावी. शक वर्षारंभाच्या त्या मौनाच्या दिवशी विमानतळही बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही.

– एक वाचक, ठाणे