सात-शून्यनं हरवल्याबद्दल आभार

प्रिय कोच,

परतल्यावर मोडक्यातोडक्या जपानीत चार ओळींचं कार्ड पाठवलं होतं, ते मिळालं असेलच. त्यात फक्त ‘धन्यवाद’ मावलं. बाकीचं सगळं मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितोय. आभार नेमके कशाचे, ते टोकियोतल्या भारतीय वस्तीच्या निशी-कासाईतल्या आमच्या मंडळींनाही कळू दे.

टोकियोहून तुमच्या ओनागावाला निघताना आम्ही पालक जरा जास्तच गहिवरलो होतो. भारत, नेपाळ, कोरिया, ब्राझील अशा सगळ्या घरांतली मिळून आमची बारा वर्षांखालची फुटबॉल टीम. स्पर्धा त्सुनामीग्रस्त गावांच्या सोबतीसाठी, म्हणून आम्ही बॅनर शिवून घेतला होता, भेटींच्या पिशव्या भरल्या होत्या, एका ताईंनी भाषणही लिहून आणलं होतं. स्टेशनवर घ्यायला आलात तेव्हा तुम्ही तो कागद नीट वाचलात, नीट घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, “आधी मुलांना खेळू द्या.”

मग तुमच्या पोरांनी आमच्या पोरांना धुतलं. मध्यंतराला चार-शून्य झालं, तेव्हा आमच्यातल्या एकानं तुम्हाला हळूच सुचवलं की आता राखीव मुलं उतरवा, जरा दमानं घ्या. तुम्ही हसून नाही म्हणालात. पाहुण्यांशी अर्ध्या जोरानं खेळणं हा त्यांचा अपमान, असं तुमचं म्हणणं. सामना सात-शून्य.

मला हे का लागलं, ते सांगतो. मी उमरगा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीची माळवदं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. मदत खूप आली, तिचे उपकार जन्मभर आहेत. आसपासच्या गावांतली बरीच मुलं शिकायला पुण्याजवळ वाघोलीला गेली, त्यांचं भलं झालं. पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याशी कुणी साधं वाकडं बोललं नाही. बाहेरून आलेले गुरुजी रागवायचे नाहीत. मार्कसुद्धा दयेचे पडायचे. गृहपाठ न करता पत्र्याच्या शेडमधून शाळेत जावं आणि कुणी कानही पिळू नये, याचा पोराला आनंद व्हायला हवा ना? नाही होत.

११ मार्च २०११ ला त्सुनामी आली, तेव्हा तुमच्या टीममधलं एकही पोर जन्मलेलं नव्हतं. त्यांना आपद्ग्रस्त समजून आम्ही पिशव्या घेऊन आलो होतो. त्यांना मात्र आम्ही फक्त एक टोकियोची टीम होतो, आणि तीही कच्ची.

गावाबद्दल तुम्ही जेवताना सांगितलंत, तेही विचारल्यावरच. सुमारे दहा हजार वस्तीच्या ओनागावातली आठशेवर माणसं गेली. बेसबॉलच्या मैदानावर कंटेनर रचून तीन मजली तात्पुरती घरं उभी राहिली. कोबाल्तोरे ओनागावा हा तुमचा क्लब २००६ चा. खेळाडू मासळीच्या कारखान्यांत नोकरी करून खेळणारे. त्सुनामीच्या वर्षी क्लबनं सामने थांबवले आणि खेळाडू मदतकार्याला लागले. २०१८ साली त्याच क्लबनं देशपातळीवरच्या जेएफएलमध्ये, म्हणजे जपान फुटबॉल लीगमध्ये, एक हंगाम खेळून दाखवला. आणि आपल्या एनडीआरएफचं ४६ जणांचं पथक २०११ मध्ये तुमच्याच गावात शोधकामाला आलं होतं, देशाबाहेरची त्या दलाची ती पहिलीच मोहीम, हे आम्हा भारतीयांना तुमच्याकडून कळावं! आमच्यातल्या दोघांनी तर तिथल्या तिथे फोन काढून खात्री करून घेतली. शोभलं नाही, पण केलं.

दुपारी दोन्ही टीमना घेऊन तुम्ही दगडापाशी गेलात. २०११ च्या एप्रिलमध्ये माध्यमिक शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलांनी एक कोटी येन जमवून गावाच्या २१ किनाऱ्यांवर असे दगड बसवायचं ठरवलं आणि दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, ते पुरं केलं. मोठा भूकंप झाला की या दगडाच्याही वर पळा, असं त्यावर कोरलंय. तुम्ही भाषण दिलं नाहीत. “दगड ते पाणी किती वेळ लागतो, पळून बघा,” म्हणालात आणि घड्याळ लावलंत. उतारावरून पोरं सुसाट. वर येताना सगळ्यांचा फेस निघाला. मग म्हणालात, धावायचं असतं ते या दिशेनं.

आणखी एक गोष्ट तुम्ही बहुतेक पाहिली नसेल. सामना संपल्यावर तुमचा आठ नंबर आमच्या गोलकीपरकडे आला. पोरगं रडत होतं. यानं काही समजूत घातली नाही. गोलच्या बरोबर मधून बुटाच्या टाचेनं पुढे एक रेघ ओढली, तिच्यावर उभा राहिला, मागे न बघता दोन्ही हात पसरले आणि जवळचा खांब दाखवला. पुढे आलं की आपण कुठे उभे आहोत, हे रेघ सांगते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी आमचा आता प्रत्येक सरावाला आधी रेघ ओढतो.

जेवणाचेही आभार मानायलाच हवेत. बाकीच्यांनी सान्मा माशाच्या गोळ्यांचं सूप दोन-दोन वाट्या प्यायलं. आमच्या शाकाहारी तिघांसाठी तुमच्या आईंनी उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, वेगळे बांधले होते. दाशीत, म्हणजे जपानी सूपच्या मूळ पाण्यातही, मासा असतो, ती चालेल का, हे तुम्ही आठवडाभर आधी फोन करून विचारलं होतंत. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारलेला नाही.

पुढच्या वसंतात आमच्याकडे या. अराकावा नदीच्या काठचं मैदान लॉटरीनं मिळतं, अर्ज टाकलाय, तारीख लागली की कळवतो. पोरं आमच्या घरांत राहतील. त्यांना तिखट कितपत चालतं, तेवढं मात्र आधी सांगून ठेवा.

आपला,
अकरा नंबरचा बाबा